उज्जैनच्या मेडिकल डिव्हाइस पार्कात येणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

नमस्कार,

विक्रम उद्योगपुरीत जो मेडिकल डिव्हाइस पार्क उभा राहतोय, तिथे ज्यांनी प्लॉट घेतलेत किंवा घ्यायचा विचार चालू आहे अशा सगळ्या कंपन्यांना, मालकांना आणि खास करून डिझाइनला बसणाऱ्या इंजिनिअर मंडळींना हे पत्र आहे. मी इंदूरला राहतो. इको (म्हणजे आवाजाच्या लहरींनी हृदयाचं चित्र काढणारी) आणि सोनोग्राफीची मशीनं दुरुस्त करणं हा माझा धंदा, कुठल्या कंपनीचा माणूस नाही, स्वतंत्र काम करतो. धार, झाबुआ, अलिराजपूर, बडवानी, खरगोन असा सगळा आमचा माळवा-निमाडचा पट्टा फिरतो. तुम्ही काय बनवणार ते अजून ठरलं नसेल तर माझी विनंती आहे की हृदय बघायचं मशीन बनवा, आणि ठरलं असेल तर मग ते कसं बनवायचं याबद्दल दोन गोष्टी ऐकून घ्या.

हृदयाचं चित्र काढणारं मशीन स्वस्तात बनतं हे आता जगात सिद्ध झालेलं आहे. पण ते विकलं गेल्यानंतर पुढची दहा वर्षं स्वस्त राहत नाही, आणि आमच्या भागातले पेशंट, आणि माझ्या समजुतीप्रमाणे आफ्रिकेतले, कंबोडियातले पेशंट सुद्धा, अडतात ते तिथेच.

इको कसं चालतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे पत्र इतर लोकही वाचतील म्हणून थोडक्यात. प्रोब म्हणजे छातीवर ठेवायचा हातातला भाग, त्यातले क्रिस्टल सेकंदाला वीस-पंचवीस लाख वेळा थरथरतात, तो आवाज छातीत जातो, हृदयाच्या भिंतीवर, झडपांवर आपटून परत येतो, शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५४० मीटर असतो हे माहीत असल्यामुळे परत यायला किती वेळ लागला त्यावरून मशीन खोली मोजतं आणि चित्र उभं करतं. रेडिएशन नाही, सुई नाही, पेशंटला भरती करायची गरज नाही. हृदयाच्या सगळ्या इमेजिंगमध्ये, म्हणजे सीटी, एमआरआय, अँजिओग्राफी सगळं धरून, खेड्यापर्यंत नेता येईल असं हे एकच आहे.

आणि याची सुरुवात कुठून झाली बघा. १९५३ साली स्वीडनच्या लुंड शहरात इंगे एडलर नावाचे डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्झ नावाचे फिजिक्सवाले, दोघांनी माल्मोच्या जहाज बांधणीच्या कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायचं जे यंत्र होतं ते वीकएंडपुरतं मागून आणलं आणि हर्ट्झनी ते स्वतःच्या छातीवर लावून बघितलं. मग सीमेन्सने त्यांना एक यंत्र वापरायला दिलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात धडधडत्या हृदयाचे पहिले इको रेकॉर्ड झाले. म्हणजे हे सगळं शास्त्र उभंच राहिलं ते कोणीतरी आपलं मशीन दुसऱ्याला उघडून बघू दिलं म्हणून, दुसऱ्या कामाला वापरू दिलं म्हणून. मला ही गोष्ट फार आवडते आणि मला वाटतं तुमच्या प्रत्येक इंजिनिअरला ती माहीत असायला हवी.

आता गरज काय आहे ते सांगतो. र्‍हुमॅटिक हार्ट डिसीज हा आजार ऐकला असेल. लहान मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू असतो, वेळेवर पेनिसिलिन मिळालं नाही तर काही मुलांमध्ये सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा, जास्त करून मायट्रल झडप, हळूहळू खराब होत जाते. बहुतेक सुरुवात होते ५ ते १५ वयात, आणि कळतं मात्र विशी-तिशीत, धाप लागायला लागली की. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात साडेपाच कोटी लोकांना हा आजार आहे आणि वर्षाला साधारण ३ लाख ६० हजार लोक जातात, आणि श्रीमंत देशांतून तो जवळजवळ संपलेला आहे. गर्दीची घरं, दवाखाना लांब, औषध मिळायला उशीर, असं जिथे आहे तिथेच तो उरलाय.

स्टेथोस्कोपने तो सुरुवातीला सापडत नाही. २००७ मध्ये कंबोडिया आणि मोझांबिकच्या शाळेतल्या मुलांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला, डॉक्टरांनी कानाने जेवढी मुलं शोधली त्याच्या साधारण दसपट इकोने सापडली. दसपट! आणि सापडल्यावर उपाय काय, तर बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, दर तीन-चार आठवड्यांनी, औषध जुनं आणि स्वस्त. यूगांडात ८१८ मुलांवर ट्रायल झाली, सगळ्यांना इकोवर सुरुवातीचा आजार दिसलेला, बाहेरून काही त्रास नाही. ज्यांना इंजेक्शन मिळालं त्यांच्यात दोन वर्षांत आजार वाढला ०.८ टक्के मुलांमध्ये, ज्यांना नाही मिळालं त्यांच्यात ८.२ टक्के. हा निकाल २०२१ मध्ये आला. म्हणजे औषध आहे, पुरावा आहे, फक्त मुलाच्या छातीवर वेळेवर कोणीतरी प्रोब ठेवायला पाहिजे.

आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याच्या टीम शाळा-अंगणवाड्यांत जातात, त्यांच्या यादीत हा आजार लिहिलेला सुद्धा आहे. पण ही मंडळी शोधणार कशाने? कानाला स्टेथोस्कोप लावून. मेहनत त्यांची खरी आहे, साधन कमी पडतंय.

निमाडातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये मशीनचा पॉवर सप्लाय बदलायला गेलो होतो तेव्हाचं सांगतो. बाहेर बाकावर एक बाई बसलेली, सातवा महिना, आडवं झालं की श्वास कोंडतो म्हणून कितीतरी रात्री बसून काढल्या असं तिची सासू सांगत होती. अंगात रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. मशीन चालू झालं तसं डॉक्टरांनी तिलाच आधी आत घेतलं. मायट्रल झडप नीट उघडतच नव्हती, एवढीशी फट, आणि डावा वरचा कप्पा फुगलेला, मी डॉक्टर नाही पण इतकी वर्षं स्क्रीन बघून ते मलाही कळलं. तिला तातडीने इंदूरला पाठवलं. मी इथे मुद्दा वेगळा सांगतोय. ते मशीन त्याआधी कित्येक महिने बंद होतं. बिघाड होता एका छोट्या कपॅसिटरचा, पण कंपनीचं म्हणणं अख्खी असेंब्ली बदलावी लागेल, आणि तिची किंमत ऐकून नर्सिंग होमवाल्यांनी मशीनवर चादर टाकून ठेवली होती. ती बाई पहिल्या महिन्यापासून त्याच दवाखान्यात दाखवत होती.

म्हणून मी म्हणतो की किंमत मोजायची असेल तर विकण्याच्या दिवशीची मोजू नका.

हातात मावणारे प्रोब आता कोणाला नवे नाहीत. २०१० च्या सुमारास जीईचं व्हीस्कॅन आलं, २०१७ मध्ये बटरफ्लाय आयक्यूला अमेरिकेत मंजुरी मिळाली, त्यात क्रिस्टलऐवजी एका सिलिकॉन चिपवर ९,००० च्या आसपास बारीक सेन्सर, मोबाईलला जोडायचा, आणि बाजारात आला तेव्हा किंमत दोन हजार डॉलरच्या आत. ज्या कामाला लाखांची, कोटीपर्यंतची मशीनं लागायची त्यातलं बरंचसं काम खिशात आलं, हे मोठंच काम आहे आणि ज्यांनी केलं त्यांना माझा सलाम. पण आता असे प्रोब सुद्धा येतात की दरवर्षी सबस्क्रिप्शन भरलं नाही तर फीचर बंद. ब्लॉकच्या सरकारी दवाखान्यात दरवर्षी डॉलरमध्ये पैसे कोण भरणार, कुठल्या हेडमधून भरणार? एक वर्षी बजेट आलं नाही की प्रोब कपाटात. मशीन एकदा विकलं की ते चाललं पाहिजे, इंटरनेट असो नसो, फी भरो न भरो, ही पहिली गोष्ट लिहून ठेवा.

आता रिपेअरचं बोलतो, कारण ते माझं पोट आहे आणि मला त्यातलं कळतं. आमच्याकडे मशीनं कशाने मरतात माहिती आहे का? धुळीने फिल्टर बुजतो आणि आतून गरम होऊन बोर्ड जातो. लाईट जाते-येते त्यात पॉवर सप्लाय जातो. केबल उंदीर कुरतडतात. सिस्टर प्रोब स्पिरिटने पुसतात, कारण त्यांना सगळं स्पिरिटनेच पुसायला शिकवलंय, आणि स्पिरिटने प्रोबची रबरी लेन्स सुटते. प्रोब हातातून पडतो आणि क्रिस्टल जातात. पोटाच्या प्रोबमधले क्रिस्टल गेले तर स्क्रीनवर काळी पट्टी दिसते, कोणालाही कळतं. हृदयाच्या प्रोबमध्ये पट्टी येत नाही, सगळं चित्रच हळूहळू मंद होत जातं, बघणाऱ्याला वाटतं पेशंटच जाड आहे, आणि त्या मंद चित्रावर रिपोर्ट जात राहतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि यात मला फार काळजी वाटते. मशीनमध्येच अशी टेस्ट द्या की बटण दाबलं की किती क्रिस्टल जिवंत आहेत ते सरळ स्क्रीनवर येईल. ही टेस्ट बऱ्याच मशीनांत आधीपासून असते, फक्त ती सर्व्हिस पासवर्डच्या मागे लपवलेली असते.

हा पासवर्ड, हा डोंगल (कंपनीची जोडायची चावी), हे कुलूप काढा. ट्रॅक्टर घेतला तर शेतकरी त्याचं बॉनेट उघडू शकतो, गावचा मिस्त्री बघू शकतो, आणि इथे लाखो रुपये मोजलेलं मशीन मालकाला स्वतःचा एरर लॉग सुद्धा दाखवत नाही. कंपन्या सांगतात की पेशंटच्या सुरक्षेसाठी असं करावं लागतं, बाहेरच्या माणसाने हात लावला तर धोका. तर २०१८ मध्ये खुद्द अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याने, या विषयावर रिपोर्ट दिला की बाहेरच्या सर्व्हिसवाल्यांमुळे मोठा धोका असल्याचा पुरेसा पुरावा नाही, उलट बरेच जण चांगलं आणि सुरक्षित काम करतात आणि आरोग्य व्यवस्थेला त्यांची गरज आहे. आणि न दुरुस्त होण्याचा धोका कोण मोजतंय? २०११ मध्ये एक अभ्यास छापून आला, १६ गरीब देशांतल्या हॉस्पिटलांची एक लाख बारा हजारांवर उपकरणं बघितली तर ३८ टक्के बंद पडलेली. त्यातली किती तरी देणगी म्हणून मिळालेली असणार, फोटो काढून, फीत कापून.

तर सर्व्हिस मॅन्युअल उघडं ठेवा. सर्किट डायग्राम द्या. पार्ट सुटा विका, कपॅसिटर गेला तर कपॅसिटर, केबल गेली तर केबल, बॅटरी बाजारात मिळते त्या साइजची ठेवा. प्रोबची लेन्स अशा मटेरिअलची करा की स्पिरिटने पुसली तरी चालेल, कारण सिस्टरची सवय बदलण्यापेक्षा रबर बदलणं सोपं आहे. मे महिन्यात निमाडात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि हातातले प्रोब आधीच गरम होतात, गरम झाले की सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतात, मग दुपारच्या कॅम्पात दर थोड्या वेळाने थांबून बसा. एसी रूममध्ये टेस्ट केलेलं मशीन इथे चालेल असं धरून चालू नका.

मशीन चाललं तरी चालवणार कोण, हा पुढचा प्रश्न. अलिराजपूरहून इंदूर दोनशे किलोमीटरच्या आसपास, माणूस पहाटेची बस धरतो, गंगवाल बस स्टँडला उतरतो, नातेवाईक सोबत, दोघांची मजुरी बुडते, आणि प्रायव्हेटला इकोचे दीड-दोन हजार. आयुष्मान कार्डात वर्षाला पाच लाखांचा इलाज आहे, ती योजना खूप लोकांच्या कामी आलेली मी बघितली आहे, पण ती मुख्यतः भरती झालेल्या पेशंटसाठी, ओपीडीत नुसतं इको करून घ्यायचं तर पैसे खिशातूनच. तेव्हा पहिलं चित्र ब्लॉकच्या दवाखान्यातच निघालं पाहिजे आणि ते सिस्टरला काढता आलं पाहिजे. हे स्वप्न नाही राहिलं. २०२१ मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला, आधी कधी सोनोग्राफी न केलेल्या ८ नर्सेसनी एआयच्या सूचना बघत २४० पेशंटचं इको केलं, प्रोब इकडे फिरवा, थोडा तिरपा करा, असं स्क्रीन सांगत जातं, आणि डाव्या कप्प्याचा आकार आणि ताकद बघता येईल इतकी चांगली चित्रं ९८.८ टक्के पेशंटमध्ये आली. ब्राझीलमध्ये मिनास जेराइस राज्यात डॉक्टर नसलेल्या स्टाफने शाळेत जाऊन मुलांचं इको केलं आणि चित्रं लांब बसलेल्या तज्ज्ञांनी वाचली. शेवटचा रिपोर्ट कार्डिऑलॉजिस्टचाच असावा, याबद्दल माझं दुमत नाही. पण कोणाला इंदूरला पाठवायचं आणि कोणाला घरी, एवढं तरी तिथेच ठरेल.

तुमच्या मशीनमधल्या सूचना हिंदीत द्या, बोलून द्या, निमाडी-भिली बोलणाऱ्या सिस्टरलाही कळतील अशा सोप्या द्या. आणि तुमचं एआय ज्या चित्रांवर शिकवाल त्यात आपली हडकुळी मुलं असू द्या, र्‍हुमॅटिकच्या झडपा असू द्या. स्टॅनफर्डने २०२० मध्ये दहा हजारांवर इको व्हिडिओ संशोधनासाठी खुले केले, त्याने जगभरच्या लोकांना काम करता आलं. आपल्या मेडिकल कॉलेजांबरोबर, नाव-गाव काढून, पेशंटची परवानगी घेऊन, असा साठा उभा करायला तुम्ही पैसे घाला.

कायद्याचा विषय टाळून चालणार नाही. आपल्याकडे गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९९४ चा कायदा आहे, आणि २०१२ पासून हातात नेता येणारं सोनोग्राफीचं मशीन फक्त नोंदणी झालेल्या जागेत भरती पेशंटसाठी किंवा इतर आरोग्य सेवा देणाऱ्या फिरत्या मेडिकल युनिटचा भाग म्हणूनच वापरता येतं. कायदा ढिला करा असं मी अजिबात म्हणत नाही, तो कशामुळे करावा लागला हे मला चांगलं ठाऊक आहे आणि ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत त्यांच्यासमोर माझ्या धंद्यातल्या लोकांनी मान खाली घालायला हवी. पण इंजिनिअर म्हणून आपण मदत करू शकतो. फक्त हृदयासाठीचा प्रोब बनवा, ज्याचं सॉफ्टवेअर पोटाचं चित्र ओळखलं की स्क्रीन बंद करेल, प्रत्येक स्कॅनची वेळ, जागा आणि व्हिडिओ न पुसता येणारा साठवेल, आणि तो रेकॉर्ड जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला कधीही तपासता येईल. असं मशीन घेऊन आरोग्य खात्याकडे जा आणि शाळेच्या टीमला ते वापरायची परवानगी मागा. मागच्या कुलपाबद्दल मी रागावलो, हे कुलूप मात्र मला हवंय, कारण ते मुलींच्या जिवासाठी आहे.

कोणी म्हणेल भारतात हे होईल का. १९९० च्या डिसेंबरात तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये आपण बनवलेली हृदयाची झडप पहिल्यांदा पेशंटला बसवली. डॉ. वलियाथन आणि त्यांचे इंजिनिअर, आधीची मॉडेलं फेल गेली, मटेरिअल बदललं, पुन्हा केलं, आणि आजपर्यंत लाखाच्या वर लोकांना ती झडप बसलेली आहे, बाहेरच्या झडपेपेक्षा खूप कमी किमतीत. २०१७ मध्ये सरकारने औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपयांची मर्यादा घातली तेव्हाही किती लोक म्हणाले की आता माल मिळणार नाही, स्टेंट आजही मिळतात. झडप झाली, स्टेंट झाला, म्हणजे हृदय बिघडल्यानंतरचं आपण बरंच काही परवडेल असं केलं. बिघडतंय हे दाखवणारं मशीन राहिलंय.

आणि धंदा म्हणूनही बघा, मी धर्मादाय करा म्हणत नाही, तुमचेही पगार, कर्जं आहेत. जे मशीन अलिराजपूरच्या ब्लॉकमध्ये मे महिन्यात, लाईट नसताना, सिस्टरच्या हातात, इंटरनेटशिवाय चालेल ते यूगांडात चालेल, मोझांबिकमध्ये चालेल, नेपाळमध्ये चालेल. त्या देशांनाही हेच मशीन हवंय. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने र्‍हुमॅटिक हृदयरोगावर ठराव केला, सगळ्या देशांनी मान्य केला, म्हणजे मागणी कागदावर तरी आलेली आहे, माल कोणाचा जातो ते तुमच्या हातात आहे.

उज्जैन इंदूरपासून तास-दीड तासावर. तुम्ही बोलवाल तेव्हा मी येतो, माझ्यासारखे या लाइनमधले आणखी लोक आहेत, त्यांनाही आणतो. पहिला प्रोटोटाइप तयार झाला की दिल्ली-मुंबईच्या प्रदर्शनात नेण्याआधी आमच्याबरोबर निमाडात आणा, दोन-तीन ब्लॉकच्या सिस्टरना वापरू द्या, आम्ही उघडून बघू, काय तुटेल, काय बुजेल, काय गरम होईल ते लिहून देऊ, त्याचे पैसे नकोत. बाकी उत्तर सवडीने द्या, पण एक मात्र आत्ताच सांगा, सर्व्हिस मॅन्युअल सगळ्यांसाठी उघडं ठेवणार का?

आपला,
इंदूरचा एक सर्व्हिस इंजिनिअर